कवीचे घर कोणत्या सालचे?

साहित्यिकाचे घर जतन करायचे असे गावाने ठरवले की पहिला प्रश्न पैशांचा निघतो आणि दुसरा सातबाऱ्याचा. वारसदार किती, ते कुठे असतात, सही कोण देणार, छपराचे काय, यात दोनचार वर्षे सहज निघून जातात. तिसरा प्रश्न सहसा कुणी काढत नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊकच आहे असे धरून चाललेले असतात. हे घर कोणत्या सालचे म्हणून राखायचे? घर काही कवीच्या जन्माच्या दिवशी थबकलेले नसते. कवी लहानपणीच ते सोडून जातो, मग भाऊबंद राहतात, कूळ राहते, एखादी भिंत सरकते, पडवी वाढते, कौले बदलतात, वीज येते. शंभर वर्षांनी समिती येते आणि म्हणते, ‘मूळ स्वरूप’ द्या. हे मूळ स्वरूप म्हणजे काय, हा समितीच्या वहीतला प्रश्न वाटला तरी तो खरे पाहता वाङ्मयीन प्रश्न आहे. पोथीची संहिता ठरवणाऱ्यापुढे जो पेच असतो, तोच येथे चुनामातीत उभा असतो.

या लेखात तीन घरे घेतली आहेत. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅलोवे गावचे रॉबर्ट बर्न्सचे झोपडीवजा घर, इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशातील ग्रासमिअरचे वर्डस्वर्थ कुटुंबाचे घर आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचे केशवसुतांचे घर. तिघांना एकत्र आणण्यात केवळ सोय पाहिलेली नाही. पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’ने केशवसुतांवर जे संस्कार केले त्यांची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली आहे, आणि त्या संग्रहात बर्न्स व वर्डस्वर्थ हे दोघेही आहेत. कवितेतून जे नाते आधीच जुळलेले आहे ते घरांतून तपासून पाहावे, एवढाच हेतू.

अ‍ॅलोवेचे घर बर्न्सच्या वडिलांनी, विल्यम बर्न्स यांनी, १७५७ साली स्वतःच्या हातांनी बांधले. मातीच्या भिंती, वर गवताचे छप्पर, बाहेरून चुना. पेशाने ते माळी. साडेसात एकर जमीन खंडाने घेऊन तेथे रोपवाटिका काढावी असा त्यांचा बेत होता. घराचा आकार लांबट, आणि एकाच छपराखाली एका टोकाला माणसे व दुसऱ्या टोकाला गुरे. देशावरचे जुने घर ज्याने पाहिले आहे त्याला यात काहीच परके वाटणार नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीतच बसवलेला एक पलंग आहे. २५ जानेवारी १७५९ रोजी रॉबर्ट तेथे जन्मला. आणि पुढच्या दहाएक दिवसांतच वादळ होऊन घराच्या टोकाची त्रिकोणी भिंत कोसळली. बाळंतिणीला आणि बाळाला शेजाऱ्याकडे हलवावे लागले, वडिलांनी भिंत पुन्हा घातली.

ही गोष्ट चरित्रकार मोठ्या हौसेने सांगतात, कारण वादळात जन्मलेला कवी हा चरित्राला शोभणारा आरंभ आहे. पण घर जतन करणाऱ्याने ती वेगळ्या कानाने ऐकायला हवी. ज्या भिंतीआड कवी जन्मला असे आपण म्हणतो, तिचा एक भाग त्याच्या जन्मानंतरचा आहे. मूळ घर पंधरवडाभरही मूळ राहिले नाही.

१७६६ मध्ये, रॉबर्ट सात वर्षांचा असताना, कुटुंब दुसऱ्या शेतावर राहायला गेले. १७८१ मध्ये विल्यमने घर व जमीन एअर शहरातल्या जोडे करणाऱ्या कारागिरांच्या संघाला सुमारे १६० पौंडांना विकली. तेव्हा रॉबर्ट बावीस वर्षांचा होता आणि त्याचे एकही पुस्तक निघालेले नव्हते. पहिले निघाले १७८६ मध्ये. म्हणजे चर्मकारांच्या संघाने ती वास्तू घेतली ती कवीसाठी नव्हे, गुंतवणूक म्हणून. पुढे त्यांनी ती भाड्याने दिली आणि तेथे बिअरचा गुत्ता सुरू झाला. कवी प्रसिद्ध झाला तसा गुत्ताही प्रसिद्ध झाला. जवळजवळ शंभर वर्षे तो चालला.

या शंभर वर्षांकडे बर्न्सभक्तांनी सदैव नाक मुरडून पाहिले आहे. त्यांच्या तक्रारीला एक थोर साक्षीदारही मिळाला. १८१८ च्या जुलैत जॉन कीट्स आपला मित्र चार्ल्स ब्राऊन याच्यासह पायी हिंडत अ‍ॅलोवेला आला. घरात बसून त्याने व्हिस्की घेतली आणि जागेवरच एक सुनीत लिहिले. पण गुत्त्याचा म्हातारा चालक बर्न्सला प्रत्यक्ष ओळखत असे, निदान तसे सांगत असे, आणि त्याने आपल्या आठवणींची अशी काही चऱ्हाटे वळली की कीट्सचा सगळा भाव उतरून गेला. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने त्या म्हाताऱ्याला जी विशेषणे बहाल केली आहेत ती वाचनीय आहेत. स्वतःचे सुनीतही त्याला टाकाऊ वाटले. ते टिकले ते ब्राऊनने उतरवून ठेवले म्हणून.

गृह-संग्रहालय या प्रकाराची पहिली कठोर समीक्षा म्हणून या पत्राकडे बोट दाखवता येईल. मार्गदर्शक नको, त्याची बडबड नको, मला आणि कवीला एकांत द्या, ही कीट्सची मागणी पुढच्या दोनशे वर्षांत जगभरच्या प्रत्येक साहित्यिक-स्मारकाने शिरोधार्य मानली. आजचे शांत दालन, ताणलेली दोरी, ‘हात लावू नका’ची पाटी, हे सारे तिचेच वंशज. पण कीट्सची बाजू घेताना एक गोष्ट नजरेआड होते. बर्न्सने १७८७ मध्ये डॉ. मूर यांना लिहिलेल्या आत्मकथनपर पत्रात आपल्या बालपणाविषयी सांगितले आहे. आईची एक नातेवाईक, बेटी डेव्हिडसन नावाची म्हातारी, घरात येऊन राहत असे. भुते, पऱ्या, चेटकिणी, ड्रॅगन यांच्या कथा आणि गाणी यांचा तिच्याकडे भरपूर साठा होता, आणि आपल्यातल्या काव्याचे बीज तिथे पडले असे बर्न्सच कबूल करतो. आई अ‍ॅग्नेसही गाणी म्हणत असे. म्हणजे त्या घराची खरी मिळकत पलंग किंवा चूल नव्हती, बोलणे होते. म्हाताऱ्या माणसांचे आटोक्यात न राहणारे, खरेखोटे मिसळलेले बोलणे. त्या हिशेबाने पाहिले तर कीट्सला वैताग देणारा गुत्तेवाला हा त्या घराच्या परंपरेला आजच्या दोरीपेक्षा पुष्कळच जवळचा होता.

आणि दुसरे असे की ज्या समारंभामुळे आज बर्न्सचे नाव जगभर घेतले जाते, ती ‘बर्न्स सपर’ची पंगत पहिल्यांदा बसली ती याच घरात, १८०१ च्या जुलैत, कवीच्या पाचव्या पुण्यतिथीला. नऊ मित्र जमले होते. हॅमिल्टन पॉल या धर्मोपदेशकाने तिचा पुढाकार घेतला होता. गुत्ता नसता तर ती पंगत तेथे बसायचे कारण नव्हते. घर उभे राहिले तेही गुत्त्यामुळेच. गवताचे छप्पर आणि मातीची भिंत राहत्या माणसाशिवाय किती पावसाळे काढते हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

१८८१ मध्ये बर्न्स स्मारकाच्या विश्वस्तांनी हे घर चर्मकार संघाकडून ४,००० पौंडांना विकत घेतले. संघाने दिलेल्या किमतीच्या पंचवीस पट. ही रक्कम म्हणजे कवीच्या कीर्तीचा बाजारभाव समजायला हरकत नाही, आणि तो वसूल झाला त्या कारागिरांकडून ज्यांनी ‘काय करायचे आहे जुने घर’ असे म्हणून ते पाडले नाही. विश्वस्तांनी गुत्ता बंद केला, मागाहून झालेली वाढ यथावकाश काढली, वस्तूंसाठी शेजारी वेगळी इमारत उभारली आणि घराला १७५९ चे रूप दिले. आज ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाकडे आहे.

विश्वस्तांच्या या कामाला चार वर्षे आधीच एक आव्हान दिले गेले होते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था काढली आणि तिच्या जाहीरनाम्यात ‘जीर्णोद्धारा’वरच हल्ला चढवला. जुन्या इमारतीवर प्रत्येक शतकाने आपला हात फिरवलेला असतो. त्यातले एकच शतक खरे मानून बाकीची खरवडून टाकणे म्हणजे इमारत वाचवणे नव्हे, असा त्याचा मुद्दा. ज्यांना मूळ हवे आहे ते मूळ म्हणून आपलीच कल्पना उभारतात. मॉरिस बोलत होता ते मुख्यतः चर्चच्या इमारतींविषयी. पण अ‍ॅलोवेच्या घराला त्याचे म्हणणे अधिकच लागू पडते, कारण चर्चमधून काढला जातो तो दगड, इथून काढला गेला तो माणसांचा वावर.

मराठी अभ्यासकाला हा वाद नवा वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांनी शेकडो पोथ्या ताडून जे जे मागाहून आलेले ठरले ते संहितेबाहेर काढले. पण काढले म्हणजे फेकले नाही. रेषेखाली ठेवले, परिशिष्टात ठेवले. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मुख्य संहितेत नाही, परंतु ज्याला हवी आहे त्याला ती त्याच ग्रंथात सापडते. वास्तूची गोष्ट इथेच वेगळी होते. पाडलेल्या भिंतीला तळटीप नसते. गुत्त्याचे बाक, दारावरची पाटी, भिंतीवर कोरलेली पाहुण्यांची नावे हे प्रक्षेप ठरवून बाहेर काढले की ते संपले. म्हणून घराच्या संपादकाने पोथीच्या संपादकापेक्षा कितीतरी अधिक भित्रे असायला हवे. प्रत्यक्षात तो अधिक धीट असतो, कारण त्याला उद्घाटनाची तारीख गाठायची असते.

ग्रासमिअरच्या घरात ही धिटाई वेगळ्या वाटेने आली. वर्डस्वर्थ भावंडे १७९९ च्या डिसेंबरात तेथे राहायला आली, भाडे वर्षाला ८ पौंड. १८०८ च्या मे महिन्यात, विल्यमचे लग्न होऊन तीन मुले झाल्यावर, जागा अपुरी पडू लागली म्हणून त्यांनी ते सोडले. त्याआधी ते घर म्हणजे ‘डव्ह अँड ऑलिव्ह’ नावाची खानावळ होती. म्हणजे इथे गुत्ता आधी आणि कवी नंतर. आज जगाला ते ‘डव्ह कॉटेज’ म्हणून माहीत आहे, पण हे नाव वर्डस्वर्थ मंडळींच्या काळात नव्हते. ते नंतरच्या भक्तांनी खानावळीच्या पाटीवरून उचलले. गंमत अशी की खानावळ पुसायची आणि तिच्याच नावाने घर ओळखायचे, हे एकाच श्रद्धेने केले गेले.

वर्डस्वर्थनंतर तेथे आला थॉमस डी क्विन्सी. वर्डस्वर्थ राहिला साडेआठ वर्षे. डी क्विन्सीने घर आपल्याकडे ठेवले वीस वर्षांहून अधिक. त्याने बागेतले कुंपण छाटले, विल्यमने बांधलेली शेवाळाची झोपडी काढून टाकली आणि डॉरथी त्याच्यावर संतापली. एका वास्तूच्या ‘मूळ रूपा’वरून तिच्या जुन्या आणि नव्या भाडेकऱ्यांत भांडण व्हावे, आणि दोघेही इंग्रजी गद्याच्या इतिहासात गणले जाणारे असावेत, असा योग विरळा. निकाल अर्थातच डॉरथीच्या बाजूने लागला. १८९० मध्ये स्टॉपफर्ड ब्रूक यांनी पुस्तिका काढून आवाहन केले, वर्गणी जमली, ६५० पौंडांना घर खरेदी झाले आणि १८९१ मध्ये ते लोकांसाठी उघडले. ते उघडले ते वर्डस्वर्थचे म्हणून. डी क्विन्सीची दोन दशके तळटीप झाली.

परंतु या घराची माझ्या मते मोठी कसोटी डी क्विन्सीपाशी नसून डॉरथीपाशी आहे. १८०० ते १८०३ या काळात तिने लिहिलेल्या नोंदवह्या आज इंग्रजी गद्याचा ठेवा मानल्या जातात. डॅफोडिलच्या फुलांची नोंद तिने १८०२ च्या एप्रिलमध्ये केली, आणि त्याच फुलांवरची भावाची प्रसिद्ध कविता १८०४ मध्ये, याच घरात, झाली. पण त्या वह्यांत फुले थोडी आणि पाव भाजणे, कपडे धुणे, वाटाण्याला काठ्या रोवणे, भावाचे डोके दुखणे, दारी आलेल्या भिकाऱ्याशी बोलणे हे फार. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत गारठा फार म्हणून डॉरथीने भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवली होती. त्या खोलीला आजही जुनी वृत्तपत्रे लावलेली दिसतात. तळघरासारख्या कोठीच्या खालून झरा जातो, त्याच्या गारव्यात दूधदुभते ठेवत.

१८९७ मध्ये विल्यम नाईट यांनी या नोंदवह्या पहिल्यांदा ग्रंथरूपाने छापल्या. छापताना त्यांनी घरकामाच्या नोंदी ‘क्षुल्लक’ म्हणून मोठ्या प्रमाणावर गाळल्या आणि प्रस्तावनेत तसे मोकळेपणे सांगितले. घर उघडले १८९१ ला, वह्या निघाल्या १८९७ ला. एकाच दशकात एकाच घराचे दोन वेळा संपादन झाले आणि दोन्ही वेळी हात एकाच जागी फिरला. चूल, कपडे, दुखणी बाजूला आणि प्रतिभा मध्यभागी. पुढच्या संपादकांनी वह्या पूर्ववत केल्या, कारण हस्तलिखित शाबूत होते. घराबाबतही ग्रासमिअरच्या न्यासाने अलीकडच्या दशकांत डॉरथीला तिची जागा पुष्कळ परत दिली आहे, हे नोंदवायला हवे. आणि ते जमले ते वह्यांच्या जोरावर. ज्या घरातल्या बाईने वही ठेवली नाही तिच्या घराचे काय होते, हा प्रश्न ग्रासमिअरला सुटतो आणि आपल्याकडे उभा राहतो.

आपल्याकडे वळण्याआधी सेवाग्रामच्या बापूकुटीपाशी थोडे थांबावे लागते, कारण वर मांडलेल्या पेचातून एक वाट तिने काढलेली आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. बापूकुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची. असे घर बांधून होतच नाही, ते बांधत राहावे लागते. दरवर्षी लिंपण, सारवण, कवेलूंची फेरणी. त्यामुळे तिथे ‘मूळ’ काय असा प्रश्न विचारणाऱ्याला नुसते सारवणाऱ्या हाताकडे बोट दाखवता येते. १९७८ मध्ये इव्हान इलिच तेथे राहून गेला आणि त्या कुटीवर त्याने जे भाषण केले ते वास्तूची समीक्षा कशी करावी याचा वस्तुपाठ आहे. वस्तू साठवण्याची जागा आणि माणसाने राहण्याची जागा यांतला भेद त्याने त्या सात-आठ पावलांच्या कुटीतून उलगडला. मात्र इलिचच्या भक्तिभावाला एक पुरवणी जोडली पाहिजे. साधेपणा टिकवायला सततची मजुरी लागते, आणि ती मजुरी करणाऱ्यांची नावे कुठल्याच कुटीवर नसतात.

‘गावाने राखलेले घर’ हा शब्दप्रयोग आपण सैलपणे वापरतो. गाव म्हणजे कोण हे ठरवावे लागते. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर हे याचे चांगले उदाहरण. विद्यार्थिदशेत १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. त्याचे संग्रहालय करायला शेजारच्या काही रहिवाशांनी हरकत घेतली, स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली, अपील झाले आणि २०२० च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. त्या रस्त्यावरच्या रहिवाशांना ती राहती वस्ती वाटत होती, आणि हजारो मैलांवरून येणाऱ्यांना ते आपले घर वाटत होते. घराचा समुदाय घराच्या शेजारीच असतो असे नाही. अ‍ॅलोवेतही १९१४ च्या जुलैत मताधिकारासाठी लढणाऱ्या दोन स्त्रिया रात्री स्फोटके घेऊन आल्या. पहारेकऱ्याने एकीला पकडले. ती फ्रान्सिस पार्कर, लॉर्ड किचनेरची भाची. पुरुषांच्या स्वातंत्र्याची गाणी गाणाऱ्या कवीचे घर, ज्यात त्या गाण्यांचा वाटा आपल्याला मिळाला नाही असे मानणाऱ्या बाईने उडवायला निघावे, ही त्या घराची एक समीक्षाच होती. तिची पद्धत कुणालाही मान्य होणार नाही. पण त्या घरावर त्या रात्री प्रश्न विचारायला आलेली बाई ही त्याच्या इतिहासाचा भाग आहे.

आता मालगुंड. गणपतीपुळ्याच्या शेजारचे हे गाव कृष्णाजी केशव दामले यांचे जन्मगाव. १९९१ मध्ये मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली आणि तिने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांत केशवसुतांचे स्मारक होते. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जन्मघर राखलेले आहे, परिसरात केशवसुतांच्या कविता शिळांवर कोरलेल्या आहेत, ग्रंथालय आहे आणि आधुनिक मराठी कवींचे एक दालन आहे. सरकारी खात्याने नव्हे, लेखक-वाचकांच्या एका संस्थेने हे उभे केले आणि चालवले, ही मराठीत सहजी न घडणारी गोष्ट आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते हे मान्य करूनच.

मालगुंडच्या घरापुढे अ‍ॅलोवेपेक्षा अवघड काम आहे. बर्न्सची जन्मतारीख निश्चित आहे. केशवसुतांची १५ मार्च १८६६ की ७ ऑक्टोबर १८६६ यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांचे खरे छायाचित्र उपलब्ध नाही. आपण जे चित्र पाहतो ते कल्पनेने साकारलेले आहे. हयातीत त्यांचा कवितासंग्रह निघाला नाही, तो हरि नारायण आपटे यांनी १९१७ मध्ये काढला, कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. चेहरा नाही, तारीख एक नाही, हयातीतले पुस्तक नाही. अशा कवीचे घर दाखवायचे म्हणजे बहुतेक रिकामी जागा दाखवायची, आणि रिकामी जागा दाखवण्यास धैर्य लागते. मोह असा होतो की एक दौत आणावी, एक बैठे मेज आणावे, एक लामणदिवा टांगावा. त्या काळच्या वस्तू जमवल्या की काळ जमतो असे वाटते. परंतु कोणाच्याही घरातून आणलेली दौत ही कोणाचीच दौत नसते.

मालगुंडने निवडलेली वाट या दृष्टीने मला अधिक शहाणपणाची वाटते. वस्तूंवर भर न देता त्याने कवितांवर भर दिला, आणि एकट्या केशवसुतांच्या नव्हे. पुढच्या कवींचे दालन जन्मघराच्या शेजारी ठेवणे हे संपादकीय विधान आहे. घराला एका सालात न गोठवता ते त्याला एका परंपरेचा उंबरठा मानते. कार्यक्रम होतात, तरुण कवी येऊन कविता वाचतात, त्यातल्या काही वाईटही असतात. कीट्स असता तर पुन्हा वैतागला असता. १८०१ ची पंगत आठवली की त्या वैतागाची काळजी करण्याचे कारण उरत नाही.

उणीव जाणवते ती दुसरीकडे. जन्मघर हा शब्दच असा आहे की त्याने कवीला गावाशी बांधून टाकावे, आणि केशवसुत तर गावात फार राहिलेच नाहीत. वडील शिक्षक; पुढे कुटुंब दापोलीजवळच्या वळणे गावी गेले. शिक्षण खेड, बडोदे, नागपूर, पुणे असे तुटक झाले. मॅट्रिक झाले ते १८८९ मध्ये, तेविसाव्या वर्षी. मग मुंबईतल्या बिनभरवशाच्या नोकऱ्या, खानदेशात भडगाव आणि फैजपूरला शिक्षकी, शेवटी धारवाड. ७ नोव्हेंबर १९०५ ला हुबळीत प्लेगने ते गेले आणि त्यांच्या पाठोपाठ पत्नीही. ‘नैर्ऋत्येकडल्या वाऱ्यास’ ही कविता ज्याने वाचली आहे त्याला ठाऊक आहे की हा कवी कोकणाशी बोलतो तो कोकणाबाहेरून. ‘एक खेडे’ही दुरून आठवलेलेच खेडे आहे. घर त्याच्या कवितेत आले ते सोडून गेल्यामुळे. वर्डस्वर्थने ग्रासमिअरच्या घरात बसून ग्रासमिअर लिहिले. केशवसुतांनी कोकण लिहिले ते भाड्याच्या खोल्यांत. त्यामुळे ग्रासमिअरची रीत, म्हणजे कविता जिथे झाली ती खोली दाखवणे, मालगुंडला लागूच पडत नाही. इथे दाखवायचे आहे ते निघून जाणे.

आणि डॉरथीचा प्रश्न. दामल्यांच्या घरातल्या बायकांनी वह्या ठेवल्या नाहीत. कोकणातले घर मात्र त्यांच्याच कामाने आखलेले असते: ओटी पुरुषांची आणि आल्यागेल्याची, माजघर आणि मागीलदार बायकांचे. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मागचे दार या क्रमाने घर दाखवले की पाहुणा पुरुषांच्या जागेतून बायकांच्या जागेत जातो, आणि तिथे त्याला सांगायला कुणी तरी हवे. जाते, वायन, चूल, न्हाणी, विहिरीची वाट या गोष्टी कवीच्या असल्या-नसल्याने काही बिघडत नाही, कारण त्या त्या प्रकारच्या प्रत्येक घरात होत्याच. दौत खोटी ठरते ती कवीची म्हणून ठेवली की. जाते गावाचे म्हणून ठेवले तर ते खरेच राहते. मालगुंड आणि आसपासच्या ज्या म्हाताऱ्या बायकांना अजून जात्यावरच्या ओव्या आणि कोकणातल्या भुताखेतांच्या कथा येतात, त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच माजघरात ऐकवायला फार खर्च नाही. बेटी डेव्हिडसनचा आवाज अ‍ॅलोवेला आता कितीही पौंड मोजले तरी मिळायचा नाही.

छपराचाही असाच विचार व्हावा. पूर्वी कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर शाकारणी होई: पेंढा किंवा गवत बदलणे, कौले उतरवून पुन्हा बसवणे, फुटकी काढणे. ते एकट्याचे काम नव्हते, वाडीतली माणसे एकमेकांकडे जात. पत्रे आणि स्लॅब आल्यापासून ती बंद पडत चालली आहे आणि कौले चाळणारी माणसे मिळेनाशी झाली आहेत. जन्मघराची शाकारणी बंद दाराआड ठेकेदाराकडून उरकून घेण्याऐवजी मे महिन्यात एक दिवस ठरवून, लोकांना बोलावून, जाणत्या माणसांकडून नव्या मुलांना शिकवत करता येईल. त्या दिवशी घर बंद आहे अशी पाटी लावण्याऐवजी घर चालू आहे अशी लावता येईल.

आणि ओटीच्या भिंतीवर चित्र नसले तरी चालेल, पण एक नकाशा असावा. मालगुंड, वळणे, खेड, बडोदे, नागपूर, पुणे, मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड, हुबळी. प्रत्येक नावापुढे साल, आणि जिथे जी कविता झाली तिथे तिचे शीर्षक. दारातून आत आलेल्या मुलाला पहिल्यांदा दिसेल ते हे, की या घरात जन्मलेला मुलगा किती वेळा घर बदलत गेला.